कुंकू लावलेला आख

दत्तूमामा,

तुमच्याबद्दल लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की लिहिणारा माणूस तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकावं. म्हणून सांगतो. तुमच्या साक्षीमुळे माझे वडील, आबा, तुरुंगात गेले नाहीत आणि माझं कॉलेज सुटलं नाही. आणि त्याच साक्षीच्या दिवशी, कोर्टाच्या पायऱ्यांवर, चार माणसांसमोर मी तुम्हाला खोटारडे म्हणालो. तेव्हा मी जे लिहीन त्यात माझं मन कुठेतरी झुकलेलं असणार. वाचणाऱ्यांनी ते धरून चालावं.

हे आमच्या कॉलेजच्या वार्षिकात छापून येणार आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तेराव्यानंतर मी पहिला कागद मामीला वाचून दाखवला. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. म्हणाली, "जरा हळू वाच बाबा. त्यास्नी घाई आवडत न्हवती." म्हणून आता हळू लिहितो आहे.

चिंचवडात नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तुमचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक छप्पर, भाता, ऐरण आणि भिंतीला टेकवलेली गाड्यांची चाकं. पुण्याहून चारची गाडी आली की मी स्टेशनवरून चालत घरी जायचो आणि तुम्ही हातोडा न थांबवता विचारायचात, "काय शिकवलं आज?" आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरी हा प्रश्न कुणी विचारत नसे, कारण उत्तर कळणार नाही अशी आईला नि आबांना खात्री होती. तुम्हाला तशी भीती वाटत नसे.

एकदा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आज उष्णता शिकवली. तापवलं की लोखंड वाढतं."

तुम्ही हातोडा थांबवलात. "हे शिकाया पुण्याला जातोस व्हय? पास काढून? अरं, चाकावर लोखंडी धाव चढवतो ती काय फुंकर मारून चढवतो का मी?"

त्या दिवशी तुम्ही मला मोडलेला खिळा दाखवलात आणि कॉलेजात न शिकवलेली गोष्ट सांगितलीत. नुकतं मोडलेलं लोखंड आतून साखरेसारखं चमकतं. पण आधीपासून तडा असेल, तर तिथे हवापाणी शिरलेलं असतं. तेवढा भाग काळपट, गंजलेला दिसतो. "लोखंड बोलत न्हाई," तुम्ही म्हणालात, "पन कवा मोडलं ते लपवत बी न्हाई." मी ते वहीत लिहून ठेवलं. ते मला घरातच लागेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आबा तेव्हा विटांच्या भट्टीवर गाडीवान होते. गाडी भट्टीच्या शेटजींची, बैलही त्यांचेच. पिंपरीच्या माळावर कारखान्याच्या भिंती चढत होत्या आणि आबा रोज दोन खेपा विटा नेत. पाऊस उघडल्यावर, नवरात्र बसायच्या आठवडाभर आधी, उतारावर गाडीचा आख, दोन्ही चाकं जोडणारा लोखंडी दांडा, डाव्या चाकाजवळ मोडला. गाडी कलंडली. वर गणपत बसला होता, विटा चढवणारा. तो विटांखाली सापडला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला. गणपत नगरकडून आलेला, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. या सगळ्या हकिगतीत त्याचं नाव मागे पडतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

शेटजींनी पोलिसांना सांगितलं की आख धडधाकट होता. गाडीवानाने उतारावर बैल पळवले, म्हणून गाडी उलटली आणि आपटून आख मोडला. आबा म्हणत होते, मी खाली उतरून बैलांची वेसण धरून चाललो होतो, आख आधी मोडला. बघणारा दुसरा माणूस होता तो गणपत, आणि तो राहिला नव्हता. आबांवर खटला उभा राहिला. शिक्षा झाली असती तर मला पुस्तकं ठेवून कुणाची तरी गाडी हाकायला जावं लागलं असतं. धाकट्या दोघी बहिणींकडे बघून आईने ते मला एकदाच सांगितलं.

म्हणजे सगळं येऊन थांबलं एका प्रश्नावर. आख आधी मोडला की नंतर? मोडलेल्या आखाचा सुटा तुकडा रस्त्यावर मिळाला होता. फौजदारांनी तो तुमच्याकडे आणला, कागदावर तुमचा अंगठा घेतला आणि म्हणाले, "नीट बघून ठेव, तारखेला कोर्टात आणून सांग." पंचक्रोशीत आखाचं काम कळणारे तुम्हीच.

तारखेच्या आदल्या रविवारी मी तुमच्याकडे आलो होतो. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

"मामा, तडा जुना होता असं ठासून सांगा," मी म्हणालो.

"दिसला तेवढा सांगीन."

"तेवढा नाही. ठासून. वकील म्हणतात, साक्षीदार चाचरला की गेलं."

तुम्ही भाता सोडून माझ्याकडे बघितलंत. "शेटजींचा मानूस बी कालच्याला येऊन गेला. त्याला बी ठासूनच पायजे हाय. दहा गाड्यांचं काम देतो म्हनाला."

"मग?"

"मग काय? त्याला म्हनलं, दिसला तेवढा सांगीन."

मला राग आला. शेटजींचा माणूस आणि मी, दोघांना तुम्ही एकच उत्तर दिलंत याचा. आमच्या घरी जेवलेला माणूस आम्हाला आणि शेटजींना एकाच मापाने कसा मोजतो, हे मला कळेना.

कोर्टात तुम्ही गोणपाट उलगडून आखाचा तुकडा टेबलावर ठेवलात. सरकारी वकील वाकून बघत राहिले.

"हे लाल काय आहे?"

"कुंकू हाय साहेब."

"आणि पिवळं?"

"हळद."

मागच्या बाकावर हशा पिकला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लिहायचं थांबवून मान वर केली.

"मधी खंडेनवमी झाली साहेब," तुम्ही म्हणालात. "त्या दिशी दुकानातलं समदं लोखंड विटंच्या भुकटीनं घासतो, तेल लावतो, पुजतो."

"पुराव्याचीसुद्धा पूजा केलीत?"

"दुकानात हाय ते समदं पुजायचं. ऐरण पुजायची आनि दुसऱ्याचं लोखंड कोपऱ्यात गंजत ठेवायचं, हे बरं न्हाई दिसत."

पुन्हा हशा. मला वाटलं, जमीन फाटावी. माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती. घासलं म्हणजे गंज गेला. गंज गेला म्हणजे जुन्या तड्याची खूण गेली.

"मोडलेला भागही घासलात?"

"व्हय."

"आधी तिथे काय होतं?"

"कडंला दोन बोटं गंज व्हता. जुना तडा."

"आता दिसतो?"

"न्हाई."

"म्हणजे कोर्टाने निव्वळ तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

"न्हाई साहेब. नका ठिवू."

आता कुणी हसलं नाही. वकिलांनी हातातला कागद उलटला. मग त्यांनी विचारलं, "आरोपी तुमचा कोण लागतो?"

"नात्यातला न्हाई. पन एका आळीतला. त्यांच्या घरी जेवलोय. आनि आजून एक सांगायचं ऱ्हायलं. ह्यो आख दोन वर्सांमागं मीच जोडला व्हता. तडा माझ्याच सांध्यापाशी हाय. तवा लोखंडाला ताव कमी दिला गेला असंल, पुरतं तापलं नसंल."

हे तुम्हाला कुणीही विचारलेलं नव्हतं. आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. सरकारी वकील वैतागून म्हणाले, "अहो, मग तुमच्या साक्षीचा उपयोग तरी काय?"

तेव्हा तुम्ही मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे वळलात. "उपेग येवढाच साहेब, की आखाचा दुसरा तुकडा चाकाच्या तुंब्यात, मधल्या भोकात, आडकून बसला असंल. ते चाक भट्टीवर हाय. त्याला माझा हात लागला न्हाई. ते मागवा. पन मला दावू नका. आमच्या गावचा न्हाई, शेटजींच्या चाकरीतला न्हाई, असा कुनी जानता बघू द्या."

साहेबांनी फौजदारांना त्याच दुपारी भट्टीवर पाठवलं.

बाहेर पायऱ्यांवर मी तुम्हाला गाठलं. "तुम्ही मुद्दाम घासलंत," मी म्हणालो. "सांधा तुमचा होता. लोकांना दिसू नये म्हणून घासलंत. आता दुसऱ्या तुकड्यावर ढकलताय. तो शेटजींनी ठेवला असेल का अजून? खोटारडे आहात तुम्ही."

"बाळ्या! तोंड सांभाळ!" आबा ओरडले.

तुम्ही गोणपाटाची घडी घालत राहिलात. चार वेळा घातलीत, चार वेळा उलगडलीत. आत सरकारी वकिलांना वाटत होतं की मोड ताजा होता, तो लपवून आबांना वाचवायला तुम्ही आख घासला. बाहेर मला वाटत होतं की स्वतःला वाचवायला घासला. तोच आख, तीच विटेची भुकटी. त्या दोन संशयांमध्ये उभं राहणं किती अवघड असेल, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

चाक भट्टीवर होतं. मोडकी गाडी कुणी हलवलीच नव्हती. पुढच्या तारखेला रेल्वेतले एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांना ना आमचं गाव ठाऊक होतं, ना शेटजी. आमच्या वकिलांनी चहा पुढे केला तर म्हणाले, "आत्ता नको, काम होऊ द्या." स्वतःचा डबा व्हरांड्याच्या टोकाला बसून खाल्ला. तुंब्यातून काढलेला तुकडा त्यांनी भिंगाखाली धरला आणि साहेबांना दाखवला. कडेला चंद्रकोरीसारखा भाग गंजून काळा, बाकीचा त्या मानाने ताजा. तडा कित्येक महिन्यांचा, सांध्याला ताव कमी पडलेला, ओझ्याखाली हळूहळू वाढत गेलेला.

"म्हणजे जोडणाऱ्याचा निष्काळजीपणा?" वकिलांनी विचारलं.

"ताव कमी पडला हे लोखंड सांगतं. का पडला, ते सांगत नाही."

"गाडी किती वेगात होती?"

"तेही यावरून कळत नाही."

मग त्यांच्यापुढे तुमचा घासलेला तुकडा ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला, खाली ठेवला आणि म्हणाले, "यावरून मी काहीच सांगणार नाही." मी मागे वळून बघितलं. तुम्ही शेवटच्या बाकावर बसला होता आणि मान हलवत होता, चांगला घाव बसल्यावर हलवायचात तशी.

आबा सुटले. घरी येताना रस्त्यात मी त्यांना म्हणालो, दत्तूमामांनी आपल्याला जवळजवळ बुडवलंच होतं. आबा रस्त्यातच थांबले. मग म्हणाले, "त्यानं मला सोडवलं न्हाई. व्हतं ते सांगितलं, त्यात मी सुटलो. नुसतं सोडवायचं म्हनून सोडवलं असतं, तर गनपतच्या मानसांस्नी मी काय तोंड दावलं असतं?" आबांच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

पुढचे काही महिने तुमचे वाईट गेले. गाडीवान दुकानावरून जाताना आरोळी द्यायचे, "काय दत्तोबा, आज ताव पुरा हाय न्हवं?" तुम्ही म्हणायचात, "थांब, बघून सांगतो," आणि खरंच भट्टीत बघायचात. काम मात्र बंदच झालं होतं. तेव्हा तुम्ही ठरवलंत की स्वतः जोडलेला प्रत्येक आख पुन्हा बघायचा. चिंचवड, कासारवाडी, आकुर्डी, पार तळेगावापर्यंत. हातोडी पिशवीत टाकायची, चालत जायचं, गाडीवानाला म्हणायचं, गाडी सोड, आख बघू दे.

एका शुक्रवारी तुम्ही मला हाक मारलीत. पायऱ्यांवरच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "बाळू, रविवारी येतोस का संगं? कुनाकुनाचा आख बघितला ते लिहून घ्याया मानूस पायजे. माझ्या ध्यानात किती ऱ्हानार?"

मी म्हणालो, परीक्षा आहे.

परीक्षा नव्हती. आणि ते तुम्हाला ठाऊक होतं, कारण पायऱ्यांवरच्या दिवसापर्यंत रोज चार वाजता विचारून आमच्या परीक्षा कधी असतात ते तुम्ही पाठच केलं होतं. "बरं बरं, अभ्यास कर," तुम्ही म्हणालात. मामा, आपल्या दोघांत खोटारडा कुणी असेलच, तर तो मी, त्या शुक्रवारी झालो.

आकुर्डीत तुम्हाला पहिला तडकलेला आख सापडला. मोडायच्या आधी. ज्याची गाडी होती तो बाबा आधी तुमच्या नावाने बोटं मोडत होता, "आता येतोय व्हय तपासाया," म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यानेच बाजारात सगळ्यांना सांगितलं, की दत्तू लोहार स्वतःची चूक शोधत हिंडतोय, आपापल्या गाड्या दाखवून घ्या. वर्ष सरेपर्यंत दुकानापुढे पुन्हा गाड्या उभ्या राहायला लागल्या. तुम्ही न जोडलेले आखसुद्धा लोक दाखवायला आणायचे. तुम्ही बघायचात, ठोकून ऐकायचात आणि कितीकांना सांगायचात, "ह्याचं मला कळत न्हाई. तळेगावच्या लोहाराला दाव." मला वाटतं, लोक त्यासाठीच येत होते.

मी पुन्हा बोलायला लागलो होतो तुमच्याशी. पण माफी मागितली नाही. रोज वाटे, उद्या मागू. गेल्या उन्हाळ्यात मी माफीऐवजी प्रश्नच विचारला. "मामा, खरं सांगा. खंडेनवमीला तो आख घासताना सांधा दिसला होता का?"

"दिसला व्हता."

"मग?"

तुम्ही सळईने निखारे सारखे केलेत. "हात घासत व्हते. दर वर्सी घासत्यात तसे. मन काय करत व्हतं, ते आता कसं सांगू? भ्यालो असंन बी. नसंन बी. लोखंड असतं तर मोडून बघितलं असतं रं."

मला ते उत्तर चुकवाचुकवीचं वाटलं. मला हवं होतं 'हो' किंवा 'नाही'. आमच्या प्रयोगशाळेत सर सांगतात, मोजलेल्या आकड्यापुढे तो किती चुकलेला असू शकतो तेही लिहा, नाहीतर आकडा खोडून टाकीन. मी ते गुणांसाठी लिहितो. तुम्ही ते भर कोर्टात केलंत, आणि नंतर स्वतःच्या मनाबद्दलही केलंत. मला आजही माहीत नाही, की त्या दिवशी तुम्ही सवयीने घासलंत की भीतीने. मी आता ते ठरवणार नाही. पण पायऱ्यांवर मी ते ठरवूनच बोललो होतो. ती माझी चूक होती, आणि तुम्ही असताना मला हे म्हणायला हवं होतं. मामा, मला माफ करा.

तुम्ही गेलात तेव्हा मी वर्गात होतो. स्टेशनवर उतरलो तर दुकानाकडून आवाज नव्हता, एवढ्यावरून मला कळलं. आदल्या रात्री चढलेल्या तापाने तुम्ही गेलात.

तेराव्याला मामीने मला दुकानाची मागची भिंत दाखवली. भिंतभर कोळशाने काढलेली चाकं. देवळाचा कळस काढलेला म्हणजे चिंचवड, रुळांच्या दोन रेघा म्हणजे कासारवाडी, असं एकेक गाव आणि त्याखाली त्या गावातली चाकं. बघून झालेल्या चाकावर आडवी रेघ. मी नाही आलो, म्हणून तुम्ही भिंतीवर लिहीत होता.

"ही तीन ऱ्हायली," मामी म्हणाली. एका वडाखाली तीन चाकं, रेघ नसलेली. "माण गावची. दिवाळी झाली की जानार व्हते."

या रविवारी मी माणला गेलो. सकाळी निघालो, चालत. तिथे विचारत विचारत पहिली गाडी सापडली. गवताने भरलेली, जू बैलांच्या खांद्यावर चढवलेलं. मालक म्हातारा, डोक्याला मळकं मुंडासं.

"कुनाचा रं तू?"

"चिंचवडच्या गाडीवानाचा. दत्तोबा लोहारांनी तुमचा आख जोडला होता. ते पुन्हा बघायला येणार होते. पण ते वारले."

"आरं, आरं." त्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "चांगला मानूस. पन ह्यो आख तर झ्याक चाललाय. काय झालंय त्याला?"

"मला माहीत नाही."

"मग तू बघनार हायेस व्हय?"

"मला बघता येत नाही आजोबा. मी कॉलेजात शिकतो. त्यांचा एक आख सांध्याला मोडला होता, माणूस गेला, म्हणून त्यांना सगळे बघायचे होते. एवढंच मला ठाऊक आहे. तुम्ही दुसऱ्या लोहाराला दाखवावा, असं सांगायला आलोय."

त्याने बैलाच्या पाठीवरचा हात काढला. मला वाटलं, आता हाकलणार.

"येत न्हाई म्हनतोस."

"नाही येत."

"मग ऐकाय पायजे," तो म्हणाला. "येतं म्हनला असतास, तर म्या बैल सोडलं नसतं." त्याने जू खाली उतरवलं आणि गाडीच्या मागच्या बाजूला बोट केलं. "चल, तिकडनं गवत उतरव. लोहाराकडं रिकामी गाडी न्यावी लागंल."

मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि गवत उतरवायला लागलो.